चौथी रायफल

गुलमंडी, औरंगाबाद
८ जुलै १९८३

ती. गं. भा. सारजाक्कास,
धाकटा भाऊ रामकिसन याचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लांबलं म्हणून रागावू नकोस. लगीनसराई संपल्यापासून कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक नाही, त्यामुळे वेळ भरपूर होता. मनच ठिकाणावर नव्हतं. कारण ऐकून तू हसशील हे माहीत आहे, तरी सांगतो.

सरकारने नवा कायदा आणला आहे. यापुढे एका माणसाला तीनच बंदुका ठेवता येणार. जास्तीची असेल ती तीन महिन्यांच्या आत परवानेवाल्याला द्यायची, नाहीतर सरकारजमा करायची. माझ्याकडे चार आहेत. तुझी भावजय आवडाबाई म्हणते, "चार काय अन् तीन काय, तेवढीच कपाटात जागा व्हईल." बावीस वर्षांच्या संसारात तिला रायफल आणि पितळी डबा यातला फरक कळलेला नाही.

अक्का, या दुकानात विकत मिळतात तसल्या साध्या बंदुका असत्या तर मी डोळे मिटून एक देऊन टाकली असती. पण या फौजेत चाकरी करून आलेल्या रायफली आहेत. जर्मनांची एक, ऑस्ट्रियाची एक, स्पेनची एक आणि लढाईच्या वेळी आपल्याकडे आलेली ही अमेरिकन. प्रत्येकीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारायचा दांडा, मागे ओढताना वेगळा आवाज होतो, मला दुसऱ्या खोलीतूनही ओळखू येतो. चितेगावचा एक कारखानदार अमेरिकन घ्यायला तयार झाला होता. हौसेने दाखवायला नेली, तर म्हणाला, "फुडचं लाकूड उडवून टाकू, नळी वीतभर कापू, म्हंजी जीपमधी बराबर बसंल." मी ती तशीच कापडात गुंडाळून घरी आणली आणि त्या दिवशी जेवलो नाही.

सरकारजमा करावी, तर पोलीस ॲक्शननंतर दादांनी ठासणीची बंदूक चावडीवर नेऊन दिली ती अजून परत येते आहे. बन्सीच्या नावावर करावी, तर नव्या कायद्याने एकवीस वर्षं पूर्ण लागतात आणि आपल्या चिरंजिवांना अजून वर्षभर अवकाश आहे.

म्हणून विनंती अशी, की तू परवाना काढ. मोसंबीच्या बागेत रानडुकरं घुसतात, शेती तुझ्या नावावर आहे, म्हणजे खोटं काहीच सांगायचं नाही. रायफल मी तुला रीतसर देतो. तू पेटीत ठेव. बन्सीला परवाना मिळाला की मी येऊन घेऊन जाईन. कागदावर तेवढी तुझी.

नाही म्हणू नकोस.

तुझा,
रामकिसन


पाचोड
१७ जुलै १९८३

चि. रामकिसन यास सारजाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. मला वाटलं घरात कुणी आजारी आहे, म्हणून उभ्यानंच फोडलं. वाचून खाली बसले आणि पोटभर हसले.

एक विचारू का? चार चार रायफली बाळगून तू आजवर मारलंस काय, तर कागद. दर रविवारी छावणीकडच्या चांदमारीला जाऊन कागदाला भोकं पाडून येतोस. लहानपणी कोंबडी कापायची म्हटलं की गोठ्यात जाऊन लपणारा तू. आणि आता मला साठीत बंदूकवाली करायला निघालास.

सालगडी मुंजाबाला सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, डुकरं तुमच्या आवाजालाच भेत्यात. बंदूक कशापायी?" त्याला त्या दिवशी चहा दिला नाही.

पण तू जेवला नाहीस हे वाचून वाईट वाटलं. परवान्याला लागतील त्या सह्या करते, कचेरीत यायचं तर येते. मात्र चारांतली हलकी असेल ती दे. माझ्या कमरेची तक्रार तुला माहीतच आहे.

आवडाबाईस आशीर्वाद. तिचंच बरोबर आहे असं माझं मत.

सारजा


गुलमंडी, औरंगाबाद
१४ नोव्हेंबर १९८३

ती. गं. भा. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

कागद मुदतीतच तुझ्या नावाने झाले होते; भाऊबीजेला येऊन रायफल तुझ्या हवाली केली आणि परतीच्या बसमध्ये चार महिन्यांनी पहिल्यांदा झोप लागली. आता मनात असलेलं एक सांगून टाकतो. तू हलकी मागितलीस आणि मी चारांतली सर्वांत जड, ती अमेरिकन, दिली, ते मुद्दाम. जड वस्तू माणूस उगाच उचलत नाही. पेटीत सुखात राहील.

कचेरीतला तो प्रसंग मी इथे रोज एकाला तरी सांगतो. साहेबांनी विचारलं, "आजी, वेळ आली तर रायफल चालवाल का?" आणि तू म्हणालीस, "साहेब, डुकरं तुम्हांला विचारून येत असतील, आमच्याकडं तशीच येतात." साहेबांनी मान खाली घालून सही केली.

काडतुसं वेगळ्या डब्यात, कुलपात ठेव. रायफल महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पूस आणि बोल्टवर तेलाचा हात फिरव. तेलात कंजुषी करू नकोस. बाकी तिला काही लागत नाही, ती गुणी आहे.

तुझा,
रामकिसन


पाचोड
२० फेब्रुवारी १९८४

चि. रामकिसन यास आशीर्वाद.

तुझी गुणी रायफल रुसली आहे. तो मागंपुढं होणारा बोल्ट जागचा हलत नाही. मी ओढून पाहिला, मुंजाबानं ओढून पाहिला. तेलात कंजुषी केली असं म्हणशील तर तसं अजिबात नाही. घाण्यावरून ताजं आणलेलं करडईचं तेल आहे, आमच्या रानातल्या करडईचं. तूच म्हणालास म्हणून दर महिन्याला चांगलं वाटीभर घालते. आत्ता हात लावला तर गुळाच्या पाकासारखं चिकट लागतं.

भजी तळायला हेच तेल वापरते, कधी तक्रार आली नाही. काय करू ते लवकर कळव.

सारजा


गुलमंडी, औरंगाबाद
२४ फेब्रुवारी १९८४

ती. अक्कास,
नमस्कार.

वाटीभर! अक्का, करडईचं तेल! अगं, ते वाळलं की त्याचं रोगण होतं. मोटेच्या चामड्याला लावायचे ते आठवतं ना? तू माझ्या रायफलीला भजी समजून तळलंस आणि वर रोगण चढवलंस. पत्र वाचून मी डोक्याला हात लावला. आवडाबाई हसून हसून भिंतीला टेकली.

दोष माझा की तुझा ते नंतर पाहू. आधी हे कर. रॉकेलमध्ये चिंधी बुडवून बोल्टवर घट्ट गुंडाळ आणि दोन रात्री तशीच ठेव. मग चिंधीनेच घासून घासून पिवळं काढ. तरी नाही हलला तर लाकडी मोगरीने हळू ठोक. लोखंडी हातोडी मुंजाबाच्या हाताला लागेल अशा ठिकाणीसुद्धा ठेवू नकोस. सुटला की शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब. अक्का, थेंब.

आणि पेटीतली वस्तू रोज ओढून बघायची गरज नाही, ती तिथेच असते.

रामकिसन


पाचोड
११ एप्रिल १९८४

चि. रामकिसन यास आशीर्वाद.

सुटला. दोन रात्री नाही, चार रात्री चिंधी ठेवली तेव्हा सुटला. आता असा सरकतो की काय सांगू. मागं ओढला की येतो, पुढं ढकलला की शेवटी जरा जोर लागतो आणि मग खाली बसतो. तू त्यांच्या आवाजाचं लिहिलं होतंस ते तेव्हा मला खूळ वाटलं होतं.

मोसंबीचा आंबेबहार चांगला धरला आहे. डुकरांनी कडेच्या ओळीत उकरलं, पण फार नाही.

आमच्या शेजारचा कडूबा तुला माहीत आहे. फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीवर आला तो. तो तुला विचारायला सांगत होता, की चाप ओढायच्या वेळी डोळा आपोआप मिटत असेल तर त्यावर काय उपाय? आणि खांद्याला लागू नये म्हणून दस्ता नेमका कुठं टेकवायचा? सवडीनं लिही. घाई नाही, पण लवकर लिहिलंस तर बरं.

सारजा


गुलमंडी, औरंगाबाद
६ जून १९८४

ती. अक्कास,
नमस्कार.

तुझ्या पत्राचं उत्तर मी मुद्दाम दिलं नाही, कारण विचार करत होतो. हा कसला हवालदार? फौजेत आयुष्य काढलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो? त्याने तिकडे स्वयंपाकघर सांभाळलं असेल तर तसं सांगावं.

पण आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. काल बंदुकीच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "तुमच्या बहीणबाई येऊन काडतुसं घेऊन गेल्या की. मागल्या महिन्यात बी आल्या व्हत्या." अक्का, तू पाचोडहून शहरात दोनदा आलीस आणि गुलमंडीला भावाच्या घरी पाणी प्यायलाही आली नाहीस? आवडाबाई ते ऐकल्यापासून ताट माझ्यासमोर जरा आपटूनच ठेवते, जणू मीच तुला येऊ नको म्हणालो.

म्हणजे तो कडूबा तुझ्याकडून काडतुसं मागवतो आणि माझी रायफल झाडतो. तू भिडेची माणूस, तुला नाही म्हणता येत नाही. पण परवाना तुझा आहे. दुसऱ्याच्या हातात ती दिसली तर परवानाही जाईल आणि रायफलही. त्याला माझ्या नावाने स्पष्ट सांग.

तरी विचारलंच आहेस म्हणून लिहितो, अर्धवट शिकलेला माणूस रायफलीचे हाल करतो. डोळा मिटतो तो आवाजाच्या भीतीने. रिकाम्या रायफलीवर पन्नास वेळा चाप ओढायचा, म्हणजे भीती मोडते. चाप झटक्याने ओढायचा नाही. लिंबू पिळतो तसा, गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळू नये इतका सावकाश. दस्ता खांद्याच्या हाडावर नको, आतल्या मांसल खळग्यात. गाल लाकडाला टेकलेला. श्वास अर्धा सोडून धरायचा. हे सगळं लिहिताना मला बरं वाटलं, ते मात्र त्याला सांगू नकोस.

रामकिसन


पाचोड
१५ जून १९८४

चि. रामकिसन यास आशीर्वाद.

रागावू नकोस. रायफल परक्या हातात कधी गेली नाही आणि जाणार नाही, हे मी तुला शपथेवर लिहिते. शहरात आले तेव्हा परतीची बस गाठायची होती. आवडाबाईला सांग, पुढच्या वेळी मुक्कामाला येते.

तू लिहिलेले उपाय पोचले. लिंबाचा फार उपयोग झाला, असं कडूबा म्हणतो.

सारजा


गुलमंडी, औरंगाबाद
२२ सप्टेंबर १९८४

ती. गं. भा. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

आनंदाची बातमी. बन्सीला परवाना मिळाला. एकवीस पूर्ण झाले त्याच आठवड्यात मी त्याला कचेरीत उभा केला होता. चिरंजीव खूश आहेत, मीही आहे.

म्हणजे तुझी जबाबदारी संपली. वर्षभर तू माझी अमानत सांभाळलीस, करडईच्या तेलासकट. दिवाळीत भाऊबीजेला मी आणि बन्सी येतो, रीतसर अर्ज करून रायफल त्याच्या नावावर करून घेऊ आणि घेऊन येऊ. तुझी पेटी मोकळी होईल, त्या कडूबाचा त्रासही मिटेल. कपाटातली तिची जागा मी रिकामीच ठेवली आहे.

यंदा साडी कोणत्या रंगाची आणू ते कळव. इंदुरी काठाचा नवा माल आला आहे.

तुझा,
रामकिसन


पाचोड
६ ऑक्टोबर १९८४

चि. रामकिसन यास सारजाचे अनेक आशीर्वाद. बन्सीला वेगळे आशीर्वाद, परवाना मिळाल्याबद्दल.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते. डोळा मिटत होता तो माझा.

कडूबानं रायफल कधी झाडली नाही. बोल्ट सुटला त्या दिवशी मुंजाबा म्हणाला, "अक्का, पर ही फुटती का नुसतीच दिसाया हाय?" मलाही ते जाणून घ्यावंसं वाटलं. कडूबाला बोलावलं. तो म्हणाला, उभ्यानं नको, आधी पालथं पडून शिका. नाल्याच्या काठाला, मागं उंच दरड बघून, पोत्यांवर मी नऊवारी सावरत पालथी पडले. मला लाज वाटली. त्यालाही वाटली असावी, कारण तो पाठ फिरवून बसला आणि म्हणाला, "मी हिकडं बघतो अक्का, तुमी झाडा." पहिली गोळी सुटली तेव्हा पाखरं उडाली, खांदा सणकला आणि मुंजाबा खाली बसला. मी उठले आणि म्हणाले, दुसरं काडतूस दे.

तू म्हणालास, जड वस्तू माणूस उगाच उचलत नाही. अरे, जन्मभर विहिरीवरून घागरी आणल्या, मोसंबीच्या पाट्या डोक्यावरून गाडीत टाकल्या. जड आहे म्हणूनच ती माझ्या हातात हलत नाही. आता रॉकेलच्या डब्याचं झाकण बांधावर ठेवलं, की या काठावरून पाचांत चार वेळा वाजतं. कडूबा म्हणतो, पाचवंही वाजेल. डुक्कर मात्र एकही मारलेलं नाही. आवाज झाला की पळतात, तेवढं मला पुरे. तुझीच बहीण आहे.

काडतुसं आणायला आले तेव्हा घरी आले नाही, कारण आवडाबाईनं पिशवीत काय आहे विचारलं असतं आणि मला तिच्याशी खोटं बोलता आलं नसतं.

परवा खंडेनवमी झाली. मुंजाबानं विळे, खुरपी, कुऱ्हाड मांडली, मी मधोमध रायफल मांडली. कुंकू लावायला शेजारच्या भागूबाईला हाक मारली. ती म्हणाली, "अक्का, हत्यार तुमचं, तवा बोट बी तुमचंच लागंल." तुझे दाजी गेल्यापासून मी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. लावला. लाकडावर बोट टेकवलं, लोखंडाला लागू दिलं नाही. गंजतं, एवढं आता कळतं. मग बराच वेळ तिथंच बसून राहिले. मला फार बरं वाटलं, रामकिसन. इतकं बरं का वाटलं ते मला सांगता येणार नाही.

तर रायफल मी देत नाही.

दर भाऊबीजेला तू साडी आणतोस, मी ओवाळते आणि ताटात पडेल ते घेते. आजवर काही मागून घेतलेलं नाही. यंदा मागते. साडी आणू नकोस. ओवाळणीत मला रायफल घाल. कागदावर ती माझी आहेच, तू जोर करू शकणार नाहीस हेही मला कळतं. पण कागदावरची मला नको. तू दिलेली पाहिजे.

बन्सीचं मन मोडलं तर मला कळव. त्याच्याशी मी बोलेन.

सारजा


गुलमंडी, औरंगाबाद
१६ ऑक्टोबर १९८४

ती. गं. भा. सारजाक्कास,
रामकिसनचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र दुकानातच वाचलं. समोरच्या गिऱ्हाइकाने लुगडं मागितलं होतं, मी त्याच्यापुढे धोतरजोडी टाकली आणि आत जाऊन बसलो. खोटं कशाला सांगू, रागावलो. तीन दिवस एकच उद्योग. कपाट उघडायचो, रिकामी जागा बघायचो आणि बंद करायचो.

आवडाबाईला पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती डोळे पुसत म्हणाली, "तुमी एक शब्द बोलू नका. वन्संनी पयल्यांदा काई मागितलंय." बन्सीला विचारलं, तर तो म्हणाला, "बाबा, मला जर्मन द्या. पण आत्या पाचांत चार मारती हे खरं का?" त्याला तेवढ्यातच रस होता.

रविवारी चांदमारीला गेलो. पाच गोळ्या झाडल्या, चांगल्या लागल्या, आणि नेहमीप्रमाणे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. तिथे जो तो आपापल्या कागदाकडे बघत होता. घरी आलो तर आवडाबाई भाजी निवडत होती. अक्का, इतकी वर्षं मी या रायफली जमवल्या, पुसल्या, त्यांच्यावर बोलायला मात्र घरात माणूस नव्हतं. मी बोलायचो आणि समोरचा जांभई द्यायचा. जूनमध्ये त्या हवालदारासाठी आहे असं समजून मी किती मन लावून लिहिलं होतं! आणि तू लिहितेस, पुढं ढकलला की शेवटी जरा जोर लागतो आणि मग खाली बसतो. हे माझ्याखेरीज कुणाला कळतं असं मला वाटत नव्हतं. ते कळणारं माणूस निघालं, आणि ती माझी सख्खी बहीण निघाली. यापुढे राग कसा टिकणार?

दिली. कागदावर नाही, मनापासून दिली. रायफल तुझी.

साडी तरीही आणतो, आवडाबाईने निवडून ठेवली आहे आणि यंदा तीही येणार म्हणते. ओवाळून झालं की तुझ्या नाल्याकाठी जाऊ. मला तुझ्या रायफलीने पाच गोळ्या झाडू देशील का?

तुझा,
रामकिसन


पाचोड
२० ऑक्टोबर १९८४

चि. रामकिसन यास आशीर्वाद.

कार्डावरच लिहिते, म्हणजे लवकर पोचेल. या सगळे. पाच कशाला, दहा झाड. काडतुसं तुझी आण, माझ्याकडं कमी आहेत.

एक आधीच सांगून ठेवते. नळीच्या टोकाची नेम धरायची माशी मी कडूबाकडून केसभर सरकवून घेतली आहे, माझ्या नजरेला बसेल अशी. तुझी गोळी जरा बाजूला जाईल. जाऊ दे. माशी हलवायची नाही.

सारजा